माझ्याच डब्ब्याला माझाच धक्का

तणसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जाऊ लागल्या की माझा उजवा खांदा शिवशिवतो. वातबित काही नाही. डॉक्टरला दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही. हे दुखणं सुडाचं आहे, आणि मी ते फार लाडाने सांभाळलेलं आहे.

आमच्या एकोडी गावात हे दिवस दरवर्षी ठरल्या पावलांनी येतात. हलके धान दिवाळीच्या आसपास कापून होतात, मग भारी धानाची पाळी. शेतातल्या बांध्या रिकाम्या होतात. कापलेल्या धानाच्या बुडख्यांमधून लाखोळीची हिरवी रोपं हळूच डोकं काढतात, बांधाच्या धुऱ्यांवर तुरी वाळत असतात, आणि मळणीचा भुसा हवेत असा तरंगतो की सकाळच्या उन्हालाही शिंक यावी. मग रस्त्यावर तणीस निघतं. धान काढून उरलेला तो कोरडा सोनेरी पेंढा ट्रॉलीत इतका भरतात की ट्रॉली दिसतच नाही. लांबून वाटतं, एक ढीगच आपला आपण घरी चालला आहे. बाभळीच्या खालच्या फांद्या त्याच्या काड्या उपटून घेतात आणि पुढे महिनाभर अंगावर मिरवतात.

पूर्वी मी हे सगळं पाहून नुसता खूश व्हायचो. आता नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर बसतो, हातात वेळूची लांब काठी घेतो आणि जाणाऱ्या ट्रॉलीच्या तणसात ती खुपसून पाहतो. आत काही टणक लागतं का? आजवर एकदाच लागलं, ती कोणाची तरी पाण्याची टाकी निघाली. ट्रॅक्टरवाल्यांना सवय झाली आहे. वेग कमी करून ते स्वतःच विचारतात, "झाली का जी तपासणी? जाऊ का?"

जा, म्हणतो. पण नजर ट्रॉली वळणाआड होईपर्यंत सोडत नाही.

*

मी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पंचवीस वर्षं खलनायक आहे. शेती दोन एकर, मिशी सव्वादोन इंच. धान निघालं की आमचा खरा हंगाम सुरू. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते; जिलेबी, पाळणे, बांगड्या, पाहुणे, आणि दुपारच्या उन्हात चौकात आमची दंडार. ढोलकी, नाच आणि जागच्या जागी सुचलेली चार वाक्यं. मी आजवर शेकडो जमिनी बळकावल्या, दागिने पळवले, सज्जन माणसांना खोट्या खटल्यात अडकवलं. बाया मला बाजारात पाहून पदर सावरतात. एवढा माझा दरारा! आणि खऱ्या आयुष्यात खरा चोर आला, तेव्हा हा नामांकित खलनायक काय करत होता? त्याच्या मागून धक्का देत होता.

थांबा. आधी डब्बा सांगतो.

माझी मुलगी प्राची नर्सिंग शिकली आणि पुण्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. जायला तीन आठवडे उरले होते. एका सकाळी ती चुलीपाशी बसून म्हणाली, "बाबा, आपण तिघं मिळून कधी कुठी गेलो का?"

मी आठवू लागलो. तिची आई वंदना भाजी निवडत होती. मान वर न करता तिने उत्तर दिलं, "गेलो ना. तुह्या मामाच्या लग्नाले. तठीबी हे मांडवातून उठून नाटकाले पळाले."

खरं होतं. पावसाळा शेताचा, हिवाळा माझ्या टाळ्यांचा, उन्हाळा झोपेचा. घराच्या वाट्याला मी उरतच नव्हतो. प्राचीने फोनवर मला चाकांवरची घरं दाखवली. लोक गाडीमागे लावून नेतात, तलावाकाठी उभी करतात, आतच निजतात, बाहेर चूल पेटवतात. "एक दिवस, एक रात्र," ती म्हणाली. "फक्त आपण. तुम्ही कोणाचे खलनायक नाई, काई नाई. मी एकदा तिकडे गेली का तुमची मंडई अन माही सुट्टी जन्मात जुळत नाई, बाबा."

हे ती हसत म्हणाली. पण मी नट आहे. हसण्याखाली काय ठेवलेलं असतं ते मला कळतं.

मग मी पेटलो. साकोलीहून भंगारातली दोन चाकी ट्रॉली आणली. वेल्डिंगवाल्याकडून तिच्यावर पत्र्याची खोली चढवली, आत तीन फळ्या निजायला, कोपऱ्यात शेगडी, वर कंदिलाचा हूक. खिडकी मात्र ठेवली नाही, फक्त हवेला चार भोकं. प्राची म्हणाली, "अन बाहेरचं दिसन कसं?" मी म्हटलं, वाघाला आतलं दिसू नये हे जास्त महत्त्वाचं. शेवटी निळा ऑइलपेंट दिला. थंडीचे दिवस, रंग काही लवकर वाळेना. गावाने त्याचं नाव डब्बा ठेवलं.

आणि तयारी! वंदनाने एका वहीत यादी केली. त्यात मीठ, मिरची, गोवऱ्या, वांगी, कणीक, दोन कांबळी, आणि शेवटी वेगळ्या ओळीत, अधोरेखित, 'हे स्वतः'. मी ती यादी चौकात वाचून दाखवली. हो, चौकात. शनिवारी निघणार, डोंगराकडच्या जुन्या मालगुजारी तलावावर जाणार, डब्बा आत्ता आमच्या अंगणाबाहेर उभा आहे, कसा जोडायचा, हूकची पिन कुठे असते, हे सगळं मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिनयासकट समजावून सांगितलं. आज कोणी मला विचारलं की असली गाडी चोरीला जाऊ नये म्हणून पहिलं काय करावं, तर मी सांगेन, माझ्यासारख्या माणसाचं तोंड बांधून ठेवावं. कुलूप नंतर.

कुलपाचं वंदना म्हणाली होती. "हूकले एक कुलूप लावा जी. अन चाकातून साखळी."

मी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देवळाला कुलूप लावायला सांगितलं. "धानाच्या दिवसात ट्रॉलीले कोणी कुलूप लावते का? गाव काय म्हणन?"

आमच्याकडे ही रीतच आहे. कापणी-मळणीच्या दिवसांत ट्रॉली कोणाची हे कोणी पाहत नाही. ज्याचं धान बांधीत पडलं आहे आणि आभाळ भरून आलं आहे, त्याने समोरच्याच्या दारातली ट्रॉली जोडायची आणि निघायचं, सांगणं मागाहून. पिन ट्रॉलीलाच लटकलेली असते, ती काढून घरात ठेवणारा माणूस गावात कद्रू ठरतो. मी कद्रू ठरणं? मी, ज्याने रंगमंचावर सावकारही उदार रंगवला?

पिन लटकत राहिली.

*

गुरुवारी दुपारी मी मोटारसायकलने तालमीहून परतत होतो. नहराच्या पुलापाशी पाणी झिरपून चिखल होतो; तिथे तणसाची एक ट्रॉली फसलेली. एक माणूस, चाळिशीचा, गळ्यात लाल दुपट्टा, चाकाकडे असा पाहत उभा की जणू चाकानेच त्याचा अपमान केला आहे.

"काकाजी," तो म्हणाला, "एक धक्का देता का?"

इथे थोडं थांबून नोंद घ्या. तो चाळिशीचा, मी पन्नाशीचा. भाऊ म्हणायचं सोडून त्याने मला काकाजी म्हटलं. हे मी वेगळं धरून ठेवलं आहे.

गाडी उभी केली. उजवा खांदा तणसात रुतवला. नाकात काड्या, कानात काड्या. त्याने ट्रॅक्टरवर बसून गिअर टाकला आणि मी माझ्या पंचवीस वर्षांच्या भारदस्त आवाजात "हैऽऽ" करून असा धक्का दिला की ट्रॉली एका दणक्यात वर. तो खाली उतरला. दुपट्टा दोनदा झटकला. खिशातून खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी काढली, तळहातावर तीनदा ठोकली, मान एका बाजूला कलती करून पुढे केली.

"घ्या काकाजी. आताच घोटला आहे. टेन्शन नाई घ्याचं."

मी घेतला. चांगला होता. सुपारी नेमकी, चुना बेताचा. मी त्याला म्हणालोसुद्धा, "सांभाळून जा, पुढं वळण आहे." आणि तो गेला, तणसाच्या काड्या उधळत, उन्हात, एखाद्या वरातीसारखा.

घरी आलो तर अंगणाबाहेर डब्बा नव्हता. मला वाटलं, कोणी धानासाठी नेला असेल. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "मले वाटलं तुमचाच पाव्हणा. तुमच्याच ढिगातून तणीस टाकून राह्यला होता वर. मी पोराहिले म्हटलं, हात लावा रे थोडा."

मी ढिगाकडे पाहिलं. आमच्या तणसाच्या ढिगाचा अर्धा भाग गायब.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, इतका मी मोठा नट. तो वंदनाच्या डोक्यात पडला. तिने माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या खांद्याला बोट लावलं. बोट निळं झालं.

"हा रंग कुठचा जी?"

माझा डब्बा, माझंच तणीस, माझाच धक्का. आणि तोंडात अजून त्याचा खर्रा.

*

सूड म्हणजे काय असतं हे मला तोपर्यंत फक्त संवादांतून माहीत होतं. "मी तुझा सर्वनाश करीन" हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल, प्रत्येक वेळी मनात घरचा काही हिशेब चाललेला. त्या दिवशी ते वाक्य प्रथमच आतून आलं आणि फार गोड लागलं. शनिवार आला. डब्ब्याच्या जागेवर दोन चाकांचे व्रण आणि निळ्या रंगाचे चार थेंब एवढंच होतं. प्राची त्या थेंबांपाशी थोडी उभी राहिली आणि आत जाऊन यादीतली वांगी भाजीला चिरू लागली. तेव्हा माझा सूड पक्का झाला.

ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. जमादारांनी नीट ऐकलं. मग दुसऱ्याला हाक मारली. "अठी ये रे. हे भाऊ परत सांगतीन, ऐक." मी परत सांगितलं. "म्हणजे तुमी स्वतः ढकलला?" मी म्हटलं, हो. "अन खर्रा खाल्ला?" मी म्हटलं, ते अर्जात लिहायची गरज नाही.

माणसं चांगली होती. हसून झाल्यावर जमादारांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मागच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या होत्या; मोटारसायकलींवर वेल चढलेले, एका ट्रॅक्टरच्या सीटवर घूस राहायला आलेली. "सापडला तर मुद्देमाल म्हणून आधी अठी जमा होईन. मग कोर्टातून सोडवा लागते. महिने लागतेत भाऊ. पाहा, देता का अर्ज?"

मी वेलांकडे पाहिलं. प्राचीचे दिवस मोजले. अर्जाची घडी केली आणि खिशात ठेवली. तिथे तो पुढचे सगळे दिवस माझ्या छातीशी चुरगळत राहिला, वेळ आली की काढायचा म्हणून.

मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली, आणि अजूनही ती आठवली की मी एकटाच टाळी वाजवतो. मी त्या माणसाला पाच मिनिटं पाहिलं होतं. कुणाला त्याचा चेहरा आठवला असता, मला तो सबंध आठवत होता. दुपट्टा दोनदा झटकणं, तीन ठोके, कलती मान, ते तेलकट "टेन्शन नाई घ्याचं". मी दंडारीत नवा प्रवेश घातला. मी चोर झालो. आमचा ढोलकीवाला सुखदेव काकाजी झाला. निळा डाग पडलेला तो सदरा त्याला घातला. ढोलकीवर तणीस टाकलं, तिचा डब्बा केला. माझा बेत साधा होता. ह्या पट्ट्यातल्या प्रत्येक मंडईत हा प्रवेश करायचा, कुठेतरी, कोणीतरी ओरडेल, "अबे, हा तर आपला अमका!"

काय चालला तो प्रवेश! पहिल्या गावात लोक चौकात लोळले. दुसऱ्या गावात तो दोनदा करायला लावला. सुखदेव धक्का देताना असा काही बावळट चेहरा करायचा की मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मी असा दिसतो का बे?"

"नाई गा," तो म्हणाला. "मी थोडा हुशार दाखवून राहिलो."

रोज नवं गाव. रोज सकाळी निघायचो, अंधार पडता परत. ओळखणारं कोणी भेटेना. टाळ्या मात्र वाढत होत्या. प्राचीची बॅग भरली जाऊ लागली. मी घरी येऊन कुठे किती हसले ते सांगायचो आणि ती ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, "बाबा, तुमाले डब्बा पायजे का टाळ्या?"

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

सोमवारी तिची गाडी. शुक्रवारी आमची दंडार होती एका गावात. नाव लिहीत नाही. सुडालाही थोडी मर्यादा असावी. प्राची माझ्यासोबत आली. "घरी तर तुमी भेटत नाई," ती म्हणाली, "चौकात तरी भेटान." आणि बायांमध्ये जाऊन बसली.

मी दुपट्टा झटकला. एकदा, दोनदा.

कोणी हसलं नाही.

मी पन्नी काढली, तीन ठोके दिले, मान कलती केली. चौकात चारएकशे माणसं. पाळण्याची करकर ऐकू येत होती, जिलेबीच्या कढईतला चुरचुराट ऐकू येत होता. सुखदेवने मुद्दाम धपकन बूड आपटलं. कोणी नाही. पुरुष जमिनीकडे पाहत होते. बाया एकमेकींकडे. पंचवीस वर्षांत माझा प्रवेश असा पडला नव्हता, आणि पंचवीस वर्षांत मी इतका आनंदात नव्हतो. कारण मला कळलं. अनोळखी माणसाची नक्कल असती तर हे लोक हसले असते. सगळं गाव गप्प बसतं ते घरच्या माणसाच्या नकलेला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. पदर कमरेला खोचला आणि तरातरा निघाली. तिच्यामागे प्राची. प्राचीमागे मी, तोंडाला रंग, गळ्यात लाल दुपट्टा. मागून सुखदेवने ढोलकीवरचं तणीस झटकून ती सुरू केली, काहीतरी घडतं आहे म्हणून तो जास्तच जोरात वाजवत होता.

गावाच्या टोकाला घर. मागे तणसाचा ढीग, आणि ढिगातून डोकावणारा निळा कोपरा. डब्ब्याच्या एका बाजूचा पत्रा चौकोनी कापलेला होता, आणि आत आमचा खर्रेवाला त्या चौकोनाला बिजागरी बसवत होता. म्हातारीची चाहूल लागून त्याने वर पाहिलं. दारात त्याला तो स्वतःच उभा दिसला. तोच दुपट्टा, तीच मान. त्याच्या हातातला पेचकस पडला.

मी दुपट्टा दोनदा झटकला. पन्नी तळहातावर तीनदा ठोकली.

"टेन्शन नाई घ्याचं," मी म्हणालो, "काकाजी."

ह्या एका वाक्यासाठी मी नट झालो होतो असं मला आजही वाटतं.

पुढचा मान मात्र म्हातारीने पळवला. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि लेकाच्या पाठीत असा घातला की मी दोन पावलं मागे सरलो. "इकत घेतला म्हने! चारदा पुसलं ना मी तुले? कोणाचा आहे, कोणाचा आहे? मंडईत चहाचं दुकान टाकतो म्हने! त्या चौकात सारं गाव माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं, मुडद्या!"

"चूक झाली," तो पुटपुटला. "पिन लटकून होती, अन काकाजीच चौकात सांगून राह्यले होते..."

मी खिशातून अर्ज काढला. घामाने मऊ झालेला, घड्यांवर फाटत आलेला. किती दिवस वाट पाहिली होती ह्या क्षणाची! हातात बेड्या, बाजारातून धिंड, वर्तमानपत्रात फोटो.

"बाबा," प्राची म्हणाली.

ती चोराकडे पाहत नव्हती. डब्ब्याकडे पाहत होती. "तो ठाण्यात गेला तर सोमवारपर्यंत येईन का?"

मला वेल दिसले. सीटवरची घूस दिसली. माझ्या एका हातात माझा सूड होता, सबंध, सहीशिक्क्याला तयार. आणि समोर माझी मुलगी, जिने उभ्या आयुष्यात माझ्याकडे एक दिवस मागितला होता.

अर्ज परत खिशात गेला. पण म्हणून मी त्याला सोडलं असं समजू नका.

*

शिक्षा मी तिथल्या तिथे सुनावली, आवाज तिसऱ्या अंकातला लावून. उद्या सकाळी हा डब्बा तू तुझ्या ट्रॅक्टरने ओढायचास. आमच्या दारातून, भर उन्हात, तीन गावांतून, तलावापर्यंत. मी पुढे बसणार. गावागावांत प्रवेश होणार. आणि नहराच्या पुलापाशी तू धक्का द्यायचास.

शनिवारी निघालो. डब्ब्यात वंदना, प्राची, यादीतलं सामान, आणि बाहेर यादीतला 'हे स्वतः'. मी डब्ब्याच्या पुढच्या पट्टीवर उभा राहून पन्नी ठोकत होतो, लोक विचारत होते, "हाच का तो?" आणि मी म्हणत होतो, "हाच!" त्याचे कान मागून दिसत होते. पिकल्या टोमॅटोसारखे. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

पुलापाशी आलो तर चिखल वाळलेला. डब्बा काही फसेना. मी म्हटलं, "फसव."

"काकाजी?"

"बाजूले घे. तठी ओलं आहे. फसव म्हणतो ना!"

त्याने फसवला. आज्ञाधारकपणे, दोन्ही चाकं. मग त्याला ढकलायला लावलं. तो ढकलू लागला आणि ट्रॅक्टरवर मी. एकदा, दोनदा, दहादा. डब्बा हलेना. उलट खाली जाऊ लागला. ऊन चढलं. वंदना उतरली, पदर खोचून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झाला का जी तुमचा सूड? का अठीच चूल मांडू?"

शेवटी त्याला ट्रॅक्टरवर बसवावं लागलं, कारण तो त्याचाच आणि त्यालाच कळत होता. मागे कोण उरलं? वंदना, प्राची आणि मी. मी उजवा खांदा लावला. दुसऱ्यांदा. आणि डब्बा वर आल्यावर त्याने उतरून, सवयीने, अगदी निरागसपणे, पन्नी पुढे केली. वंदनाने तोंडावर पदर धरला. प्राची रस्त्यातच खाली बसून हसली.

तलावावर पोचेपर्यंत दुपार कलली. काठावर पाणकावळे पंख वाळवत होते, शिंगाड्याच्या वेलींनी एक कोपरा हिरवा करून टाकला होता. गोवऱ्या पेटल्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यात गेले, वांग्याची भाजी शिजली. खर्रेवाल्याच्या वाट्याच्या भाजीत मी गुपचूप ठेच्याचे दोन डाव जास्त मिसळले. त्याचं नाक वाहू लागलं, डोळे वाहू लागले. त्याने पानावरून मान वर केली आणि म्हणाला, "वहिनी, भाजी भल्ली मस्त झाली. अजून थोडी द्या ना जी."

वंदना वहिनी. मी काकाजी. हेही मी धरून ठेवलं आहे.

तरी शेवटचं हत्यार बाकी होतं. त्याला समोर बसवला आणि अख्खा प्रवेश एकट्याने केला, चोर मी, काकाजी मी. माणसाला त्याचं स्वतःचं सोंग दाखवणं ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही, अशी माझी समजूत होती. दुपट्टा झटकला. पन्नी ठोकली. आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग गवतावर आडवा होऊन. "अगदी असाच! अगदी असाच करतो मी! माय मले रोज बोलते, मान कायले वाकडी करतो म्हणून!" त्याच्या गावाने जे हसू दाबून ठेवलं होतं ते सगळं तो एकटा हसला. प्राचीलाही तसंच हसू येत होतं. सूड असा हातातून निसटताना दिसतो, मासा निसटावा तसा, आणि तुम्ही नट असाल तर टाळीसाठी थांबताही.

उजेड असतानाच त्याला पायी परत पाठवला. ट्रॅक्टर ठेवून घेतला. उद्या ओढायला ये, म्हटलं. तेवढं चालणं तरी त्याच्या वाट्याला आलं.

मग आम्ही तिघं उरलो. थंडी पाण्यावरून आली. प्राची डब्ब्यात फळीवर पालथी पडून त्या कापलेल्या चौकोनातून बाहेर पाहत होती. मी वाघाचा विचार करून भिंत बंद ठेवली होती. चोराने चहाच्या दुकानासाठी ती उघडली होती. पाण्यावर लाली होती, पलीकडच्या काठाने बगळे झाडांवर परतत होते. वंदना तिच्याशेजारी जाऊन पडली. मग जागा करून त्यांनी मलाही बोलावलं. तीन डोकी एका खिडकीत.

"बाबा," प्राची म्हणाली, "ही खिडकी तुमाले सुचायला पायजे होती."

तो एक घाव मी अजून बरा होऊ दिलेला नाही.

*

सोमवारी ती गेली. वर्ष झालं. आता डब्ब्याच्या हूकला कुलूप आहे, चाकातून साखळी आहे, पिन देव्हाऱ्यात आहे, खिडकीला गज आहेत. गाव मला कद्रू म्हणतं. म्हणो. शनिवारी कुठे जाणार हे मी आता सुखदेवलाही सांगत नाही. तो ते वंदनाकडून काढून घेतो.

काल प्राची सुट्टीवर आली, तीन दिवसांसाठी. तिला साकोलीच्या स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन येत होतो. ऊन तसंच, बाभळीला काड्या तशाच. नहराच्या पुलापाशी तणसाची ट्रॉली फसली होती. चाकाकडे पाहत एक माणूस उभा. लाल दुपट्टा.

"काकाजी!" त्याला कोण आनंद झाला. "बरे भेटले. एक धक्का देता का?"

मी गाडी लावली. आधी गाडीला बांधलेली काठी सोडून तणसात चारही बाजूंनी खुपसली. तणीसच होतं, त्याचं स्वतःचं. त्याने पन्नी काढली, तीनदा ठोकली, मान कलती केली. मी खर्रा घेतला. सुपारी नेमकी, चुना बेताचा. मग जाऊन पुलाच्या कठड्यावर बसलो, पाय हलवत.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. बॅग खाली ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि तणसाला खांदा लावला.

"बाबा, या ना!"

"टेन्शन नाई घ्याचं," मी म्हणालो आणि बसून राहिलो. ती ढकलत होती, तो ट्रॅक्टरवरून ओरडत होता, दोघंही मला नावं ठेवत होते, आणि मी सावकाश चघळत होतो. एवढाच सूड आता माझ्याकडे उरला आहे. पुरवून पुरवून वापरतो.